हातांचा पत्ता

आम्सटरडॅमहून उत्तरेला निघालेली गाडी हूर्न मागं टाकते, कोबीच्या आणि ट्यूलिपच्या शेतांमधून धावते आणि तासाभरात एंकहाउझेनला येऊन थांबते. तिथून पुढं रूळ नाहीत, पाणी आहे. स्टेशनाबाहेर पडलं की समोर बंदर, शिडाच्या बोटी आणि १५४० मध्ये पाया घातलेला द्रोमेदारिस नावाचा जाडजूड बुरूज. जगाच्या नकाशावर हे गाव शोधावं लागतं. पण जालन्याच्या बियाणं धंद्यातल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो न अडखळता नाव सांगेल. भाजीपाल्याच्या बियाण्यात जगभर दबदबा असलेल्या कंपन्या याच पट्ट्यात, दहावीस मैलांच्या अंतरात आहेत.

जालना आणि उत्तर हॉलंड यांचं नातं तसं जुनं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि या दरम्यान जालना हे बियाण्याचं गाव होऊन गेलं. जालन्याची बेजो शीतल ही कंपनी तर एंकहाउझेनपासून फार लांब नसलेल्या वार्मेनहाउझेनच्या बेजो कंपनीबरोबरच्या भागीदारीतूनच उभी राहिली. अशाच ये-जा करण्याच्या एका करारातून मी, माझा नवरा आणि आमची लेक इथं आलो. इथला एक माणूस जालन्याला गेला, त्याच्या जागी मी. माझं काम बियाणं तपासणीचं. नवरा जाफराबादजवळच्या शाळेत शिक्षक, त्यानं बिनपगारी रजा घेतली. लेक दुसरीत होती, ती इथल्या शाळेत बसली.

मे महिन्याच्या मध्यावर परतायचं ठरलेलं होतं. एप्रिल लागला आणि घरातलं बोलणं बदललं. काय न्यायचं, काय विकायचं, काय कुणाला द्यायचं, याशिवाय दुसरा विषय उरला नाही.

कागदांचं काम कंटाळवाणं पण सरळ निघालं. नगरपालिकेत जाऊन आपण देश सोडतोय हे नोंदवायचं, विजेच्या मीटरचा आकडा कळवायचा, लेकीच्या लसींची नोंद मागून घ्यायची, घरमालकाला भिंतीवरचे खिळे काढून घर पहिल्यासारखं करून द्यायचं. हे सगळं नवऱ्यानं केलं. सकाळी चहाच्या कपाशेजारी यादी ठेवून तो एकेक ओळ खोडत असे.

घरातलं सामान विकायला मात्र इथला एक सण उपयोगी पडला. राजा विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस २७ एप्रिलला असतो. २०२५ मध्ये त्या तारखेला रविवार आला, म्हणून सण एक दिवस आधी, शनिवारी झाला. त्या दिवशी अख्खा देश नारिंगी कपडे घालतो, आणि एरवी जिथं दुकान मांडायला परवाना लागतो तिथं रस्त्यावर चादर अंथरून कुणीही जुनं सामान विकू शकतं. मुलं तर पहाटेच जागा धरतात, खडूनं फरशीवर आपलं नाव लिहून ठेवतात. आमच्या लेकीनंही बंदराकडं जाणाऱ्या रस्त्यावर चौकोन आखला. दोन खुर्च्या, एक दिवा, कुकर सोडून बाकी भांडी, तिची छोटी झालेली सायकल, गोष्टींची पुस्तकं. भाव तिनंच ठरवले आणि घासाघीसही तिनंच केली, डच भाषेत. मी मागं उभी राहून ऐकत होते. शेजारच्या आजींनी, ज्यांनी वर्षभर आम्हाला कचऱ्याच्या डब्यांचे वार शिकवले होते, सायकल विकत घेतली. त्यांच्या नातवाला ती मोठी होत होती, तरीही घेतली. पैसे देताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी होईल त्याच्या मापाची.

पुढच्या बुधवारी अक्षय्य तृतीया आली. जाफराबादला त्या दिवशी घरोघर पितरांना घागर भरतात आणि आंबरस असतो. इथं डब्यातला आंब्याचा गर मिळाला, त्याचा रस केला. नवऱ्यानं खिडकीत पाण्याचा तांब्या भरून ठेवला. एवढं पाणी असलेल्या गावात पितरांसाठी पाणी भरून ठेवताना मला घरचे उन्हाळे आठवले.

पाण्याबद्दल थोडं सांगायला हवं. एंकहाउझेनच्या समोर दिसतं ते पाणी शंभर वर्षांपूर्वी खारं होतं, तो समुद्र होता. १९१६ च्या जानेवारीत त्यानं मोठा पूर आणला. अभियंता कॉर्नेलिस लेली यांची योजना आधीपासून तयार होती. १९१८ मध्ये कायदा झाला आणि २८ मे १९३२ रोजी ३२ किलोमीटरचा बांध घालून समुद्राचं तोंड बंद केलं. नद्यांच्या पाण्यानं आतला समुद्र हळूहळू गोडा झाला. मासेमारीवर जगणारी गावं त्यात बसली, एंकहाउझेनही. त्या जगण्याचं एक उघडं संग्रहालय गावात आहे, कोळ्यांची घरं, धुराड्या, दोरखंडाचं दुकान असं सगळं उचलून आणून मांडलेलं. लेकीला ते फार आवडायचं. मला ते पाहताना नेहमी वाटे, की पाणी बाहेर काढून टाकण्यासाठी या लोकांनी शतकानुशतकं जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढीच आमच्याकडं पाणी आत धरून ठेवण्यासाठी करावी लागते. केळना आणि धामना या नद्यांकाठचं आमचं जाफराबाद. २०१२-१३ च्या दुष्काळात त्यांच्या पात्रात मुलं क्रिकेट खेळत होती. शेततळ्यात प्लास्टिक अंथरायचं, पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि त्याच्यावर शेडनेट जगवायचं, हे आमच्या भागानं गेल्या काही वर्षांत शिकून घेतलं.

लेकीनं या पाण्याच्या देशाकडून एक गोष्ट मिळवली, आणि शेवटच्या आठवड्यांतला माझा सगळ्यात अभिमानाचा दिवस तोच. इथं प्रत्येक मुलानं पोहण्याचं प्रमाणपत्र मिळवावं अशी समाजाची अपेक्षा असते. दारात कालवा असताना दुसरं करणार काय. पहिल्या परीक्षेत मुलं अंगावर कपडे आणि पायांत बूट घालून पाण्यात उतरतात, कारण कालव्यात पडणारं मूल पोहायच्या पोशाखात पडत नाही. पाण्याखाली एक कापड ताणलेलं असतं, त्याच्या भोकातून पलीकडं निघायचं. लेक पहिल्यांदा त्या भोकापाशी जाऊन परत वर आली होती, रडली होती. मेच्या सुरुवातीला परीक्षा झाली. काठावरच्या बाकावर आईबाप दाटीवाटीनं बसलेले, हवेत क्लोरीनचा वास, चष्म्याची काच धुरकट. तिनं बुटांसकट उडी मारली, खाली गेली, कापडापलीकडं तिचं डोकं वर आलं. नवरा उभा राहून ओरडला, आणि त्यानं इथं वर्षभरात एकदाही असा आवाज काढला नव्हता.

आमच्याकडं मुलगे विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. मी लहान असताना कुण्या मुलीला विहिरीत उतरलेलं पाहिलं नाही. संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली. मग म्हणाली, "बुटासकट? मंग आता हिला हिरीची भीती नाई."

आता माझ्या कामाकडं येते, कारण खरं सांगायचं ते त्यातलं आहे.

संकरित टोमॅटोचं बी तयार करणं हे हातांचं काम आहे. मादीच्या रोपावरची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं अलगद उघडायची आणि आतला पिवळा पुंकेसरांचा सुळका काढून टाकायचा, स्त्रीकेसराला धक्का न लावता. नराच्या फुलांतले पराग आधीच वाळवून, बारीक कापडातून गाळून ठेवलेले असतात. दुसऱ्या दिवशी ते बोटातल्या छोट्या अंगठीत घेऊन स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे. मग त्या फुलाच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कातरायच्या, म्हणजे पिकल्यावर कळतं की हे फळ आपल्या हातचं. न कातरलेली फळं फेकून द्यायची. आमच्याकडं याला नुसतं क्रॉसिंग म्हणतात. जाफराबाद, भोकरदन, शेजारचा देऊळगाव राजा, या पट्ट्यात शेकडो बाया हंगामात क्रॉसिंगला जातात. माझ्या आईनं अनेक वर्षं हेच काम केलं. माझं कॉलेज त्या चिमट्यावर झालं.

हे काम हॉलंडमध्ये का होत नाही? हवा ओली आहे, ऊन कमी आहे, हे एक कारण. दुसरं कारण मजुरी. काचघरांत टोमॅटो पिकवण्यात या लोकांचा हात धरणारं कुणी नाही, पण एकेक फूल हातानं उघडायला लागणारा वेळ इथल्या दरानं परवडत नाही. म्हणून नर आणि मादी वाणांवरचं संशोधन इथं होतं, क्रॉसिंग दूरच्या देशांत होतं, आणि बी पुन्हा इथं तपासणीला येतं.

मी त्या शेवटच्या टप्प्यावर होते. एका लॉटमधून चारशे बिया घ्यायच्या, शंभर-शंभरच्या चार वाट्यांत ओल्या कागदावर मांडायच्या, पाचव्या दिवशी पहिली मोजणी, चौदाव्या दिवशी शेवटची. त्याशिवाय जनुकीय शुद्धता, विषाणूंची तपासणी. टोमॅटोच्या फळांवर सुरकुत्या आणणाऱ्या एका विषाणूनं गेल्या दहा वर्षांत सगळ्यांची झोप उडवली आहे, त्यामुळं आत जाताना बूट बदलणं, हात धुणं, अंगरखा घालणं हे देवळात शिरण्याइतकं काटेकोर. इथल्या शिस्तीचा मला मनापासून आदर वाटतो. कुणी वरिष्ठ आहे म्हणून कुणाची मोजणी बरोबर धरत नाहीत. माझा आकडा वेगळा आला तर माझ्याबरोबर बसून पुन्हा मोजायचे.

पण एक गोष्ट वर्षभर डाचत राहिली. इथल्या शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पाकिटावर वाणाचं नाव असतं, लॉट क्रमांक असतो, बियांची संख्या असते, कारण हे बी वजनावर नाही, मोजून विकलं जातं. ज्या गावच्या हातांनी ते तयार केलं त्याचा पत्ता कुठंच नसतो. तपासणीच्या टेबलावर माझ्यासमोर भारतातून आलेले लॉट यायचे. त्यांच्या कोडवरून राज्य कळायचं, पुढं नाही. त्यातला एखादा केळनेच्या काठचा असेल का, असं मनात यायचंच.

एंकहाउझेनमध्ये या विषयावर विचार करायला एक सोबती सापडला, चारशे वर्षांपूर्वीचा. यान हाउखेन फान लिन्सखोटेन. हा लहानपणी याच गावात राहिलेला माणूस १५८३ मध्ये गोव्याला पोचला, तिथल्या आर्चबिशपांचा कारकून म्हणून. पाचएक वर्षं गोव्यात राहिला, १५९२ मध्ये परत आला आणि १५९६ मध्ये आपला प्रवासग्रंथ छापला. त्यात पोर्तुगिजांचे सागरी मार्ग होते, बंदरं होती, आणि आंबा, फणस, नारळ, विड्याचं पान यांची बारकाईनं केलेली वर्णनं होती. इथल्याच पालुडानस नावाच्या वैद्यानं त्यावर टिपा लिहिल्या. ते पुस्तक हातात घेऊन डच जहाजं पूर्वेला निघाली. १६०२ मध्ये त्यांची कंपनी झाली, तिच्या सहा शाखांपैकी एक एंकहाउझेनची, आणि १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात त्यांची वखार होती. परदेशात नोकरीला गेलेला एक कारकून परत येताना माहिती घेऊन आला आणि त्यानं जगाचा व्यापार हलवला. पण आंबा कसा लावतात, कुठला चांगला, नारळाची माडी कशी काढतात हे त्याला कुणीतरी सांगितलं असणारच. गोव्यातल्या त्या माणसांची नावं आपल्याला माहीत नाहीत. तिथंही पत्ता हरवलाच.

निघण्याआधी एकदा बेल्जियमला जाऊन यायचं नवऱ्यानं केव्हापासून ठरवलं होतं. इतिहास शिकवणारा माणूस, आणि जाफराबादचा. वॉटर्लू पाहिल्याशिवाय परत जाणं त्याला शक्य नव्हतं. लांबचा रस्ता, पण लेकीसह गेलो. मैदानावर मातीचा प्रचंड शंकू आहे, वर लोखंडी सिंह, चढायला २२६ पायऱ्या. १८ जून १८१५ च्या लढाईत नेदरलँड्सचा राजपुत्र जिथं जखमी झाला तिथं त्याच्या बापानं तो उभा करवला, १८२६ मध्ये पूर्ण झाला. वर चढल्यावर नवऱ्यानं लेकीला दाखवलं, इथं इंग्रज, तिकडं नेपोलियन. मग म्हणाला, "या इंग्रजांचा सेनापती बारा वर्षं आधी आपल्याकडं आला होता."

त्यात अतिशयोक्ती नाही. १८०३ च्या सप्टेंबरात आर्थर वेलस्ली बदनापूरला होता. शिंदे आणि भोसले यांचं सैन्य भोकरदन आणि जाफराबाद यांच्यामध्ये पसरल्याची बातमी त्याला मिळाली, आणि २३ तारखेला केळना आणि जुई या नद्यांमधल्या चिंचोळ्या जागेत, असईला, लढाई झाली. इंग्रजांकडचे ४२८ मेले, अकराशेहून जास्त जखमी झाले. पुढं म्हातारपणी त्याला सर्वांत मोठी कामगिरी कोणती असं विचारलं तेव्हा त्यानं वॉटर्लू सोडून असईचं नाव घेतलं, असं सांगतात. शिंद्यांच्या कवायती पलटणींमध्ये एक ब्रिगेड द्यूपाँ नावाच्या डच अधिकाऱ्याची होती, हेही नवऱ्यानंच सांगितलं. मराठ्यांचे गोलंदाज तोफांशेजारी पडले तरी जागा सोडून हलले नाहीत, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. वॉटर्लूला रेजिमेंटांच्या शिळा आहेत, संग्रहालय आहे, बसने येणारी शाळेची मुलं आहेत. असईच्या त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मी कुठं वाचलेलं नाही. लेकीनं विचारलं, "आई, असईला पण असा डोंगर का नाही केला?" नवरा बराच वेळ तिला उत्तर देत होता. मी ऐकत नव्हते. माझ्या डोक्यात शेवटच्या शुक्रवारच्या सादरीकरणाचा मसुदा बदलत होता.

पद्धत अशी, की देवघेवीवर आलेल्या माणसानं जाण्याआधी सगळ्यांसमोर अर्धा तास बोलायचं. मी आलेख तयार केले होते. ते मी चार पानांत आटोपले. त्यानंतर भावानं मागच्या हंगामात मोबाइलवर काढलेली चित्रफीत लावली. शेडनेटच्या हिरव्या उजेडात आई क्रॉसिंग करते आहे. तिची बोटं चालतात तेव्हा ती शेजारच्या बाईशी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत असते आणि कळीकडं क्वचितच बघते. खोलीत पैदासकार होते, ज्यांनी आयुष्य या वाणांमध्ये घालवलं. त्यांतल्या एका ज्येष्ठ बाईंनी फीत थांबवायला सांगितली, मागं घ्यायला लावली, पुन्हा पाहिली. मग विचारलं, ही कळी उद्या उमलणार हे तुमच्या आईला कशावरून कळतं?

मी म्हटलं, तिलाच विचारू. जाफराबादला दुपारचे साडेतीन वाजले होते. मे महिना, शेडनेट रिकामी, आई घरात होती. पडद्यावर तिचा चेहरा आला. एवढी माणसं पाहून तिनं आधी पदर सारखा केला. मी प्रश्न सांगितला.

"रंगावरून. हिरवेपणा जाऊन पिवळी झाक आली की घ्यायची. पण एकलाच रंग बघून चालत नाई. ऊन कडक पडलं की कळी घाई करती. त्या दिवशी संध्याकाळची वाट बघितली तर ती आतल्या आत फळून बसती. मंग दुपारीच हात घालावा लागतो."

मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. त्या बाईंनी वही उघडली आणि लिहून घेतलं. मग त्यांनी आणखी विचारलं. ढगाळ दिवसाचं काय? पराग किती वेळ टिकतो? मादीच्या एका झाडावर किती फळं ठेवावीत? आई उत्तरं देत गेली, कुठल्याही पुस्तकातल्या वाक्याइतकी नेमकी. माझ्या अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. शेवटी त्या बाई म्हणाल्या, लॉटमध्ये स्वपरागित बी सापडतं तेव्हा आम्ही मजुरांच्या निष्काळजीपणावर टाकतो. त्या दिवशीचं तापमान आम्ही कधी पाहिलं नाही.

एक वर्ष मी इथं शिकायला आले, असं माझ्या नेमणुकीच्या पत्रात लिहिलं होतं. त्या खोलीत कोण कुणाकडून शिकत होतं हे सगळ्यांना दिसलं, आणि त्याचा मला आनंद झाला. कौशल्याची किंमत मजुरीच्या दरावरून ठरवण्याची जी सवय आपल्यालाच लागली आहे, ती मला तिथं लख्ख दिसली. आमच्याकडंसुद्धा क्रॉसिंगच्या बायांना कुशल कामगार कुणी म्हणत नाही. लॉट फेल गेला की दोष त्यांचा, पास झाला की श्रेय कंपनीचं.

शाळेत लेकीनं निरोपाचा खाऊ म्हणून चुरमुऱ्याचे लाडू वाटले. शेंगदाण्याची चिक्की न्यायची होती, पण वर्गात एकाला शेंगदाणे चालत नव्हते. घराची तपासणी झाली, किल्ल्या दिल्या. माझ्या सहकाऱ्यांनी बियांची पाकिटं भेट दिली होती, ती मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आले. आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय बी देशात आणता येत नाही, आणि बियाणं तपासणाऱ्या बाईनं ते मोडावं हे बरं नव्हे.

छत्रपती संभाजीनगरहून जालना, जालन्याहून जाफराबाद. उन्हानं रस्ता चमकत होता. आईनं लेकीला जवळ घेतलं, पोहण्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. जेवणं झाली. मग तिनं एवढंच विचारलं, "तिकडच्या बायांना रोज काय पडतो गं?"

नेदरलँड्समध्ये त्या वर्षी किमान वेतन तासाला १४.०६ युरो होतं. मी रुपयांत सांगितलं, तेराशेच्या पुढं. तासाला.

"तासाला?" तिनं पुन्हा विचारलं आणि बोटांवर हिशेब केला. मग म्हणाली, "येवढं नको. पण क्रॉसिंगला जाणाऱ्या बाईला उन्हाच्या दिवशी दुपारी हात घालावा लागतो, त्याचा दर वेगळा धरा म्हणावं त्यांना. आन पास झालेल्या लॉटचं सांगायला कुणीतरी येत जा."

जूनच्या पहिल्या आठवड्यात जालन्याला माझ्या अहवालावर बैठक आहे. त्यात मी लॉटच्या नोंदीत गावाचं नाव आणि क्रॉसिंग करणाऱ्या गटाची नोंद ठेवावी असं सुचवलं आहे. कडक उन्हाच्या दिवसांचं तापमान शेडनेटमध्ये नोंदवावं, असंही. आईचे दोन्ही मुद्दे मी त्यांच्या वर, पहिल्या पानावर घातले आहेत, आणि बैठकीला तिला बरोबर घेऊन जाणार आहे.